डबा आईचा आहे

"मॅडम डबा परत मिळेल काय. आईचा आहे."

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला हा मेसेज आला. मी दूध तापवत उभी होते, एक डोळा पातेल्यावर आणि एक मोबाईलवर, नंबर सेव्ह नव्हता त्यामुळं आधी वाटलं चुकून आलाय कुणाचा तरी. मग फोटो मोठा करून बघितला. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं उभा असलेला एक बारीक पोरगा, धुरानं अर्धा झाकलेला. आठवलं आणि दूध उतू गेलं. तीन आठवड्यांपूर्वी इंटरव्ह्यूला आलेला तो. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर 'माझं काय झालं मॅडम' असं त्यानं विचारलंच नव्हतं. ते त्याला न सांगता कळलं होतं. आम्ही सांगतच नाही ना कुणाला. ज्याला घ्यायचं त्याला फोन करतो, बाकीच्यांना आपोआप कळतं असं धरून चालतो, आणि बारा वर्षं मीही तसंच धरून चालले होते. ओट्यावरचं दूध पुसता पुसता मी त्याला 'हो, देते' एवढंच लिहिलं. त्यावर लगेच दोन निळ्या खुणा आणि हात जोडलेले.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. आमचं म्हणजे साहेबांचं, मी तिथं हिशेब बघते, आणि भरतीबिरती असली की तीही माझ्याच टेबलावर येते. बाहेरच्या फौंड्रीतनं ओतीव लोखंडाचं कास्टिंग येतं, आम्ही ते टर्निंग-बोरिंग करून, म्हणजे बाहेरनं कातून आणि आतलं भोक मापात आणून, पुढं पाठवतो. त्या महिन्यात क्वालिटी इन्स्पेक्टरची एक जागा निघाली होती. एक. दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्याबरोबर चार दिवसांत शंभरच्या वर बायोडाटा आले. ज्यांनी कधी असे गठ्ठे वाचले असतील त्यांना माहिताय ते कसे असतात. फाईलचं नाव 'रेझ्युमे फायनल २'. वर कुठल्यातरी सायबर कॅफेवाल्यानं टाकलेली तीच नक्षी, आत तीच वाक्यं, प्रामाणिक, कष्टाळू, टीमवर्क, छंद क्रिकेट आणि वाचन, आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. एका कॅफेवाल्याचा साचा तर मला इतका ओळखीचा झालाय की त्यात 'कॅलक्युलेशन' या शब्दाचं स्पेलिंग कुठं चुकतं तेही पाठ आहे, आणि ती चूक किती पोरांच्या नावावर खपली असेल कुणास ठाऊक. तीसाव्या-पस्तिसाव्या कागदानंतर डोळे नुसते सरकत राहतात. वाचत नाही आपण, फक्त खाली जातो. हे लिहायला बरं वाटत नाही पण खरं आहे.

त्या गठ्ठ्यातनं अकरा जणांना बोलावलं, आणि नववा हा. हातात फाईल नव्हती, स्टीलचा डबा होता. दिवाळीत लाडू भरतात तसला, चपट्या झाकणाचा. टेबलावर ठेवला तेव्हा धप् असा आवाज आला, लाडवाचा नक्कीच नव्हे. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. पोरानं झाकण काढलं, जुन्या लुगड्याचं फडकं उलगडलं, आणि आतनं तीन बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसवायची लोखंडी घरं, काढून ओळीनं मांडली. मशीनिंग झालेली, तेलाचा वास अजून येत होता. प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली, वहीच्या रेघांच्या कागदाची, अक्षर शाळेतल्यासारखं टपोरं.

पहिल्या चिठ्ठीवर होतं: 'बोअर पाच ठिकाणी मोजला. वर आणि खाली ०.०८ मिमीचा फरक. टूल झिजलं असेल नाहीतर जॉब नीट बसला नसेल. माझ्याकडं व्हर्निअर आहे, बोअर गेज नाही, त्यामुळं ०.०२ च्या खालचं मी सांगू शकत नाही.' दुसरीवर: 'बाहेरून ओके. बोरिंग झाल्यावर आत होल दिसलंय. तोपर्यंत मशीनिंगचा सगळा वेळ गेला. त्याच हीटचे बाकीचे पीस बघायला पाहिजेत.' हीट म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला माल. आणि तिसरीवर फक्त एवढंच, 'मला यात काही चूक सापडली नाही. तरी रिजेक्ट झालाय. का, ते शिकायचं आहे.'

मी या धंद्यात हिशेबाच्या बाजूनं आले, मला मायक्रॉनमधलं फार कळत नाही. पण 'खालचं मी सांगू शकत नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. इन्स्पेक्टरच्या खुर्चीत बसून जे मोजलं नाही त्याच्यापुढंही बरोबरची खूण करणारी माणसं मी बघितलीत, आणि त्या खुणेपायी परत आलेल्या मालाचे क्रेडिट नोट माझ्याच हातानं केलेत. हा पोरगा तर नोकरी मागायला आला होता आणि आपल्या हत्याराची मर्यादा लिहून आला होता.

साहेबांनी दुसरा पीस उचलला, उलटा केला, आणि त्यांचा चेहरा बदलला. कास्टिंगच्या पाठीवर आमच्या पॅटर्नची अक्षरं होती. तो आमचाच माल होता. आमचं रिजेक्शन, आत होल असलेलं, एका अनोळखी पोराच्या डब्यातनं निघून आमच्याच टेबलावर आलेलं. "हे कुठनं आणलंस?" असं त्यांनी विचारलं खरं, पण उत्तराला जागाच ठेवली नाही. पोरगा "साहेब ते..." एवढंच म्हणेपर्यंत ते पुढं बोलत होते, की कंपनीतला पीस गेटच्या बाहेर जातो कसा, उद्या तू आमच्याकडचे ड्रॉइंग असेच डब्यात घालून दुसरीकडं नेशील. आवाज चढला नव्हता. चढला असता तर कदाचित मी मधे पडले असते. पोरगा कानापर्यंत लाल झाला, दोन वेळा तोंड उघडून मिटलं, आणि "येतो साहेब" म्हणून निघून गेला. डबा तिथंच राहिला.

मी काही बोलले नाही.

दहाव्याला आत बोलावलं. संध्याकाळी आवरताना तीनही पीस परत फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले आणि डबा माझ्या मागच्या कपाटावर चढवला. तो तीन आठवडे तिथंच होता. रोज दिसायचा. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव, सौ. अमुक अमुक, आडनावासकट, आणि खाली एक तारीख, बहुतेक लग्नाची किंवा वास्तुशांतीची. आपल्याकडं भांड्यांवर नावं घालतात ती कशासाठी, लग्नकार्यात, शेजारीपाजारी गेलेलं भांडं परत घरी यावं म्हणूनच ना. नाव समोर असून मला कधी वाटलं नाही की हे कुणाच्या तरी मांडणीवरनं कमी झालंय.

सोमवारी मी डबा घरी आणला. म्हटलं स्वच्छ घासून द्यावा, लोखंडाचे ओरखडे पडले होते आत, तेल लागलं होतं. पीस बाहेर काढले, फडकं झटकलं, आणि फडक्याच्या खाली, अगदी तळाशी, घडी घातलेला एक कागद निघाला. कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेली भंगारवाल्याची चिठ्ठी. 'बीड ३ किलो २००', बीड म्हणजे ओतीव लोखंड, पुढं भाव, बेरीज, तारीख. खाली कुणाचीतरी किरटी सही.

विकत घेतले होते. किलोवर. पैसे देऊन, आणि पावती मागून घेऊन. भंगारवाल्याकडं तीन किलोची पावती कोण मागतं? ज्याला आधीच माहीत असतं की आपल्याला हे विचारतील. म्हणजे तो प्रश्न त्यानं घरनं निघतानाच ओळखला होता, उत्तर डब्यात घालून आणलं होतं, फक्त ते काढून दाखवायला त्याला अर्धा मिनिट मिळाला नाही. आणि खरं सांगायचं तर मला पावतीची गरजच नव्हती. आमचं भंगार दर महिन्याला कोण घेऊन जातं, किती जातं, त्याचं बिल मी करते. अठरा टक्के जीएसटी लावून माझ्याच हातानं. आमचा रिजेक्ट पीस गेटबाहेर कसा जातो हे त्या खोलीत सगळ्यात नीट कुणाला माहीत होतं तर मला. साहेब रागाच्या भरात विसरले असतील, त्यांना त्या होलची लाज वाटली होती हे मला नंतर कळलं, पण मला कसली लाज होती? मी नुसती गप्प बसले होते, कारण अजून दोघं बाहेर बसले होते आणि जेवायची वेळ टळून गेली होती.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रात्री सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकताना मधे काही विचारलं नाही, फक्त हात पुढं केला. पीस दे म्हणून. आण्णांची उभी हयात शिवाजी उद्यमनगरात गेली, ऑईल इंजिनाचे पार्ट करण्यात, आणि त्यांच्या अंगठ्याच्या पेरात लोखंडाची काळी रेघ अजून आहे, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी. ते नोकरीला कसे लागले ती गोष्ट मी लहानपणापासनं ऐकत आलेय. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. शिक्षण आठवी. गेटवर उभं राहायचे रोज सकाळी, चारपाच पोरं असायचीच उभी. एक दिवस मिस्त्री बाहेर आला, ह्यांच्या हातात एक चौकोनी लोखंडी तुकडा दिला आणि एक कानस दिली. "सरळ करून दाव." बस. दिवसभर आण्णा तो तुकडा घासत बसले. संध्याकाळी मिस्त्रीनं त्याला काटकोन बघायचा गुण्या लावला आणि तुकडा दाराच्या उजेडाकडं धरला. फटीतनं उजेड दिसला. "उद्या ये." दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी उजेड दिसायचा थांबला. कुणी नाव विचारलं नव्हतं तोपर्यंत. आण्णा म्हणतात, ते तीन दिवस मिस्त्री येता-जाता माझ्या हाताकडं बघायचा, खांदा कसा ठेवतोय, कानस परत ओढताना उचलतोय की नाही.

मी लहान असताना ही गोष्ट मला आण्णांच्या जिद्दीची वाटायची. आता त्यात मला तो मिस्त्री जास्त दिसायला लागलाय. स्वतःचं काम सोडून तीन दिवस एका अनोळखी पोराच्या खांद्याकडं बघणारा माणूस. आमच्या इंटरव्ह्यूत आम्ही एकेकाला दहा मिनिटं दिली होती, त्यातली चार बायोडाटा शोधण्यात गेली.

उठून दिसायला पाहिजे असं हल्ली पोरांना सगळीकडं सांगतात. आणि पोरं करतातही बिचारी, काय काय करतात. एकानं पेढ्याच्या बॉक्समध्ये झाकणाच्या आत बायोडाटा चिकटवून पाठवला होता. एकानं स्वतःचा सिनेमासारखा पोस्टर केला, 'लवकरच आपल्या कंपनीत' असं खाली लिहून. एकीनं दीड मिनिटाचा व्हिडिओ केला, रंकाळ्यावर उभी राहून, वाऱ्यानं अर्धे शब्द उडून गेलेले, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. मला या कशाचं हसू येत नाही. त्यामागं रात्ररात्र जागलेलं असतं, मित्राचा चांगला मोबाईल मागून घेतलेला असतो. पण पेढे आम्ही खाल्ले आणि त्याला काय येतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, हेही खरं. मोठ्या कंपन्यांत तर अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं म्हणे, आणि दोन कॉलमची, चौकटी-बिकटी आणि आलेख असलेली सजावट त्याला बऱ्याचदा नीट वाचताच येत नाही, नाव एकीकडं आणि अनुभव तिसरीकडं. म्हणजे तिथं नटून जाणारा आणखीच हरवतो. तिथं साधा, सरळ, जाहिरातीत वापरलेलेच शब्द जागच्या जागी असलेला कागद चालतो.

मला बारा वर्षांत जे खरंच लक्षात राहिले ते मोजकेच आहेत. अकाउंटला एक मुलगी आली होती, गडहिंग्लजकडची. मी तिला विचारायच्या आधी तिनंच विचारलं, "ताई, तुमचं जीएसटीचं टू-बी आणि खरेदी जुळवायला महिन्याला किती दिवस जातात?" माझ्या पोटात गोळाच आला, कारण त्या वेळी माझे पाच-पाच दिवस त्यातच जात होते, सप्लायरनं रिटर्न भरलं नाही की आमचं क्रेडिट अडकायचं आणि मी फोन करत बसायचे. ती कुठल्यातरी सीएकडं सहा महिने बिनपगारी बसली होती, तिथं हेच बघितलं होतं तिनं. तिच्या बायोडाटाचा रंग कुठला होता मला आठवत नाही. आणि एक ड्रायव्हर आले होते, पन्नाशीचे, त्यांनी एक लांबडी डायरी पुढं ठेवली. आधीच्या मालकाच्या टेम्पोची चार वर्षांची नोंद, डिझेल, किलोमीटर, टायर कधी पलटी केला, ब्रेक लायनर कधी. दुसऱ्याच्या गाडीची! त्यांना बोलता फारसं येत नव्हतं, डायरी तेवढी आमच्याकडं सरकवली आणि टोपी मांडीवर ठेवून बसले. या दोघांनी आमच्या दारात येण्याआधी आमची अडचण काय असेल याचा विचार केला होता. डबेवाल्या पोरानंही तेच केलं होतं, आणि त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढं जाऊन केलं होतं. आमचंच दुखणं विकत घेऊन, मोजून, चिठ्ठी बांधून आणलं होतं. त्याचंच आम्हाला लागलं.

कधी कधी वाटतं की चांगलं दाखवणं हा अर्धाच भाग आहे. मी रोज खरी कॉर्नरवरनं जाते, तिथं कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी इथं, याच गावात, लेथवर आणि हातानं स्वतःचा कॅमेरा बनवला. त्या काळात बाहेरचा कॅमेरा आणायला पैसे नव्हते, मग बनवला, काम दाखवायचं दुसरं साधन नाही तर साधनच तयार केलं. कोल्हापुरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकरांनी पैसा घातला म्हणून, आणि त्यांचं नाव आपण केवढ्याशा आवाजात घेतो. गाणाऱ्या बाईनं एका चित्रकाराचा खटाटोप बघितला आणि तिला त्यात काहीतरी दिसलं. तिला ते दिसलं नसतं तर तो कॅमेरा कुठल्या अडगळीत पडला असता कोण जाणे. पुढं १९२० साली त्याच कंपनीत येऊन पडेल ते काम करत शिकलेला शांताराम नावाचा पोरगा नि त्याचे जोडीदार यांनी १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी काढली. बघणारं माणूस एकदा भेटलं की ते किती लांबवर जातं.

आणि ज्यांना दाखवताच येत नाही त्यांचं काय, हा विचार आला की मला अजूनच अस्वस्थ व्हायला होतं. डबा घेऊन यायला सुद्धा अंगात एक धाडस लागतं. त्या अकरा जणांत एक मुलगी होती, आयटीआय झालेली, तिला मी पाणी दिलं तर ग्लास धरलेला हात थरथरत होता, प्रश्नाची उत्तरं तिनं टेबलाकडं बघून दिली, सगळी बरोबर. तिच्यात उठून दिसण्यासारखं काय होतं? काहीच नाही, उत्तरं बरोबर होती एवढंच. आपल्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्यायचा हुकूम काढला, त्यावर लोक भाषणं करतात, मला त्यातली एकच गोष्ट त्या रात्री नव्यानं जाणवली. ज्यांच्याकडं कुणी कधी बघितलंच नव्हतं, त्यांनी आधी चमकून दाखवावं अशी अट त्या हुकमात नाही. बघायची जबाबदारी दरबारानं स्वतःवर घेतली होती. एवढी मोठी गोष्ट माझ्या टेबलाशी जोडताना संकोच वाटतो, पण गावाच्या चौकाचौकात ज्यांचे पुतळे आहेत त्यांचं काही आपल्या टेबलापर्यंत यायला नको का.

तर आण्णा. त्यांनी पहिला पीस बघितला, मान हलवली. दुसऱ्यातलं होल बोटानं चाचपलं. तिसऱ्यावरची चिठ्ठी मला वाचून दाखवायला सांगितली, चष्मा नव्हता. 'का, ते शिकायचं आहे' ऐकल्यावर "असं व्हय" म्हणाले आणि स्वयंपाकघरातनं चमचा आणायला लावला. पहिला पीस दोऱ्याला धरून अधांतरी लोंबकळता ठेवला आणि चमच्यानं ठोकला. टण्ण. लांबवर गेला आवाज, देवळातल्या घंटेच्या धाकट्या बहिणीसारखा. मग तिसरा लोंबकळवला आणि ठोकला. ठप्. आवाज तिथंच मेला. "चिरलाय," आण्णा म्हणाले. "बीड फुटकं असलं की बद्द वाजतंय. मापात गावत नाही ते, व्हर्निअर लावून बसला तर जन्मात गावणार नाही." मग दिव्याखाली धरून, रॉकेलचं बोट फिरवून, पुसून, वर खडूची पावडर भुरभुरून त्यांनी मला ती चीरही दाखवली, केसाएवढी, पांढऱ्या पावडरीवर हळूहळू ओली रेघ उमटत गेली. मला तेव्हा रडू का आलं मला नाही सांगता येणार. त्या पोरानं तीन आठवड्यांपूर्वी एक सरळ प्रश्न लिहून आणला होता आणि त्याचं उत्तर आमच्या माजघरात, चमच्याच्या अंतरावर होतं.

मंगळवारी मी भंगारवाल्याची चिठ्ठी आणि दुसरा पीस साहेबांच्या टेबलावर ठेवला. काय बोलायचं ते रात्री ठरवलं होतं, ऐन वेळी एवढंच म्हटलं, "साहेब, त्यानं विकत घेतले होते, आणि त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." त्यांनी पावती बराच वेळ हातात धरली. वाईट माणूस नाहीत ते, स्वतः लेथवर उभं राहून वर आलेत, मी त्यांच्या बाजूनंही सांगायला पाहिजे. मग उठून आत शॉपमध्ये गेले, त्या हीटच्या नोंदी काढायला लावल्या, दुपारी फौंड्रीला फोनवर काहीतरी बोलत होते. चार वाजता माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बोलाव त्याला. करू काहीतरी." जागा भरली होती, घेतलेला मुलगाही चांगला आहे कामाला, तरी करू म्हणाले.

मी लगेच फोन लावला. मागं मशीनचा आवाज येत होता, तो ओरडून बोलत होता. "मॅडम, मी हितं शिरोलीत लागलोय, एक तारखेपासनं. ट्रेनी." मी साहेबांचा निरोप सांगितला. थोडा वेळ नुसता मशीनचाच आवाज. मग म्हणाला, "सहा महिने तरी सोडत नाही मॅडम, शब्द दिलाय मी त्यांना." नंतर परत एकदा, "डबा तेवढा..." मी म्हटलं घरी आणून देते. तो नको नको म्हणत होता, मी पत्ता घेतला.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो. ही गोष्ट मला कुणी शिकवलेली नाही, आईला बघून अंगात मुरलीय, आणि त्या आठवड्यात ती मला पहिल्यांदा नीट कळली असावी. मी शेंगदाण्याचे लाडू वळले. पहिला आणि तिसरा पीस आण्णांनी नव्या फडक्यात गुंडाळून दिले, ते वेगळ्या पिशवीत. दुसरा साहेबांनी ठेवून घेतला, इन्स्पेक्शनच्या टेबलावर आहे अजून, चिठ्ठीसकट. तिसऱ्याची जुनी चिठ्ठी तशीच ठेवून आण्णांनी तिच्या खाली एक नवी बांधायला लावली, मजकूर त्यांचा, अक्षर माझं: 'दोऱ्याला टांगून ठोकून बघ. दोन्ही एकापाठोपाठ. मग रॉकेल आणि खडू.' मी आणखी काही लिहिणार होते, माफी वगैरे, पण आण्णा म्हणाले त्यानं जे विचारलंय तेवढं सांग.

रविवारी स्कूटीवरनं गेले. कागलच्या पुढं, दूधगंगेच्या अंगाला गाव. हायवेला उसाच्या ट्रॉल्या, ओव्हरटेक करायला धीर होत नाही, मागनं चालत राहायचं आणि उसाच्या वाड्याचा वास घ्यायचा. गावात शिरल्या शिरल्या गुऱ्हाळाचा गोड धूर. तो नव्हता घरी, सेकंड शिफ्टला गेला होता. आई होती. कमरेला पदर खोचलेला, हात राखेनं भरलेले, मी कोण ते सांगितल्यावर आधी हात धुवून आली आणि मग डबा घेतला. झाकणावरनं, नावावरनं पदर फिरवला. लाडू बघून "कशाला हो एवढं" म्हणाली, पण लगेच सगळे परातीत काढून डबा घासायला टाकला. चहा झाला. मी कसंबसं तो विषय काढला, की त्या दिवशी आमच्याकडनं त्याचं ऐकून घेतलं गेलं नाही. तिनं चुलीत लाकूड सारलं. "मला म्हटला, आई, बघितलं तरी त्यांनी हातात घेऊन. दुसरीकडं डबा उघडूच देत नव्हते," ती म्हणाली. मला चहा गिळवेना.

निघताना ती आतनं गुळाची ढेप घेऊन आली, ताजी, अजून जराशी कोमट. मी डबा तिथंच मांडणीवर पालथा दिसत होता त्याच्याकडं बघितलं असेन, कारण ती म्हणाली, "पिशवीत देतो. डबा न्हाई देत आता, तुमच्याकडनं यायला महिना लागतोय." आमच्या बाजूला बायका असंच बोलतात, मी देतो, मी येतो, माझी आत्याही तशीच बोलायची. ती हसत म्हणाली, मी मात्र "खरंय" एवढंच म्हणू शकले. पीसची पिशवी तिच्याकडं दिली आणि ती फक्त त्यालाच द्या म्हणून दोनदा सांगितलं.

रात्री पावणेबाराला फोन वाजला. शिफ्ट सुटून घरी पोचला असणार. मेसेज नव्हता, आवाजाची क्लिप होती, सात सेकंदांची. आण्णा झोपले होते, त्यांना उठवलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. आधी कुत्रं भुंकल्याचा आवाज, मग टण्ण. मग थोडं थांबून, ठप्. आण्णांनी डोळे मिटूनच सांगितलं, "परत लाव."